होडी वळेल एवढी जागा

गेली सव्वीस वर्षं मी लोकांच्या घरांचे नकाशे काढते आणि ते मंजूर करून आणते. काढणं हे चार दिवसांचं काम आणि मंजूर करून आणणं चार महिन्यांचं, त्यामुळे माझी खरी विद्या कोणती, असं कोणी विचारलं तर मी विषय बदलते. शिक्षणाने मी आरेखक, म्हणजे ड्राफ्ट्समन. गाव अकोला. नवऱ्याची नोकरी सेक्टर ३९ मधल्या प्रयोगशाळेत, म्हणून चंदीगडला आले आणि सेक्टर २२ मध्ये सोढीसाहेब नावाच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात चिकटले ती अजून तिथेच आहे. मधल्या काळात ऑफिसातला कूलर तीनदा बदलला, मला कोणी बदललं नाही.

बाहेरच्यांना वाटतं, बांधकामाची परवानगी म्हणजे टेबलामागच्या माणसाची मर्जी. तसं नसतं. त्या माणसाचं तुमच्या घराशी काही वैर नसतं. दहा वर्षांनी कोणी विचारलं, 'हे तू कसं मंजूर केलंस?' तर दाखवायला एक कागद असावा, एवढंच त्याला हवं असतं. तो कागद कोणता हे आधीच ओळखून फाईलला लावणं, हे माझं काम. बाकी सगळी चिकाटी.

चंदीगडमध्ये हे काम शिकणं म्हणजे सपाट रस्त्यावर सायकल शिकण्यासारखं आहे. इथे प्लॉटला चार कोपरे असतात आणि चारही काटकोनात. जुन्या सेक्टरांत घराचा तोंडवळासुद्धा ठरवून दिलेला, पुढची भिंत किती उंच, खिडकी कुठवर. माणसाला स्वतःचं डोकं चालवायला जागा उरते ती आत, आणि ते तो मनापासून चालवतो. एक गृहस्थ आले होते. दोन भावांत घर निम्मं निम्मं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मैडम जी, भाई वाला हिस्सा कागज़ पे थोड़ा छोटा दिखा दो. बनेगा बराबर ही. बस दिल को तसल्ली रहेगी." मी दाखवला नाही. पण त्यांच्या भागाला रेघ जरा जाड मारून दिली, तेवढ्यावर ते खूश झाले.

सगळंच असं हसण्यावारी जात नाही. सेक्टर २२ मध्येच एका घरावर मी मजला चढवून दिला, पूर्ण नियमात बसणारा. त्यामुळे शेजारच्या म्हाताऱ्या बीजींच्या, म्हणजे आजींच्या, अंगणातलं जानेवारीचं ऊन गेलं. रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पुत्तर, तेरे नक्शे विच मेरा मंजा कित्थे सी?" म्हणजे, तुझ्या नकाशात माझी खाट कुठे होती? शेजारच्याची खाट दाखवायची सोय आमच्या नकाशात नसते. नियमाने माझं काही चुकलं नव्हतं, पण तेव्हापासून त्या गल्लीतून मी जात नाही.

पण मला सांगायचंय ते परबकाकूंच्या घराबद्दल.

काकू ऑफिसात आल्या त्या एका हातात सातबाऱ्याचा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणि दुसऱ्या हाताने काकांना धरून. काका म्हणजे सुभेदार मेजर परब, निवृत्त. गुडघ्यांनी फौजेनंतर राजीनामा दिलेला, पाठ मात्र अजून परेडवर. मूळ गाव कोकणात, समुद्राकाठी. गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिथल्या नगरपंचायतीत माझ्या आता आणखी दोन फायली आहेत.

"लग्न झाल्यापासून सतरा क्वार्टर झाली," काकूंनी बसल्या बसल्या सुरुवात केली. "सतरा ठिकाणी खिळे ठोकायचे आणि निघताना काढून भोकं बुजवायची. आता मला माझ्या भिंतीत खिळा ठोकायचाय, आणि तो काढायचा नाही."

"बायको खिळ्यासाठी गावाला चालली आहे," काका म्हणाले.

अडचण अशी होती की त्यांचा मुलगा निखिल मोहालीत कंपनीत नोकरीला. त्याने तिथून जवळच खरडला फ्लॅट घेतला होता आणि त्याला लागूनच असलेला दुसरा फ्लॅट आईवडिलांसाठी धरून ठेवला होता. बिल्डर दिवाळीपर्यंत थांबणार होता. तेव्हा तिघांत असं ठरलं होतं की दिवाळीच्या आत गावच्या घराची परवानगी हातात आली तर गाव, नाही आली तर खरड. आणि खरडला राहायचं ठरलं तर पुन्हा गावाचं नाव काढायचं नाही, हे काकूंनी कबूल केलं होतं.

"कबूल कशाला केलंत?" मी विचारलं.

"दोन विरुद्ध एक मत पडत होतं. हे निखिलकडे झुकले होते. मुदत मागून घेतली, तेवढंच हातात आलं."

काकांचीही एक अट होती. त्यांनी टेबलावर बोटाने चौकोन काढला. "चारही बाजूंनी भिंत. पाच फूट. मी गावी येईन तर भिंतीच्या आत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी सांभाळल्या, आपली उघडी ठेवणार नाही."

मी म्हटलं, भिंत म्हणजे नकाशातली सगळ्यात सोपी गोष्ट.

सोढीसाहेबांनी फाईल बघितली आणि डोक्याला हात लावला. "मैडम जी, समुंदर? साडे कोल तां झील वी बणाई होई ए." आमच्याकडे तर तळंसुद्धा माणसांनी बनवलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. पण मी तोवर हो म्हणून बसले होते. सव्वीस वर्षांत माझी एक फाईल परत आली नव्हती, हा ताठा होताच. शिवाय काकूंचा तो खिळा माझ्याही डोक्यात बसला होता.

मी नकाशा काढला. काय सुंदर काढला. समुद्राच्या बाजूला मोठी काच, गच्ची सपाट, चारही बाजूंनी पाच फुटी भिंत, आणि सामान ठेवायला खाली तळघर. इथे सगळे काढतात, हात आपोआप काढतो. अर्ज ऑनलाइन भरला, कागदपत्रं जोडली, आणि तीन आठवड्यांनी त्रुटीपत्र आलं. त्रुटीपत्र म्हणजे आपल्या फाईलमधल्या चुकांची सरकारी यादी. अकरा मुद्दे होते. चौथा मुद्दा असा: 'तळघरात भरतीच्या वेळी येणारे पाणी कोठे जाणार, याचा खुलासा करावा.'

घरी मी हे वाचून दाखवलं. माझी मुलगी मराठी समजते पण उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, "मम्मी, आप समुंदर में बेसमेंट बना रही थीं?" नवरा उठून दुसऱ्या खोलीत गेला आणि तिथे हसला.

मी नगरपंचायतीच्या अभियंत्यांना फोन लावला. तिरोडकर नाव त्यांचं. आवाज शांत, दुपारच्या चहानंतरचा.

"बाई, तुम्ही समुद्र बघितलात काय?"

"बघितलाय. दोनदा."

"भरतीचा की ओहोटीचा?"

मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, "तुमचा नकाशा आम्ही ऑफिसात सगळ्यांनी बघितला. रेघा फार छान आहेत. पण असं करा, एकदा येऊन जा. आणि आणखी एक. तुमच्या फाईलवर हरकत आली आहे. ती अशी फोनवर सुटायची नाही."

हरकत कोणाची, तर अण्णांची. अण्णा हे काकांचे थोरले चुलतभाऊ, गावातच राहणारे, वय ऐंशीच्या पुढे. सातबाऱ्यावर काकांच्या बरोबरीने त्यांचंही नाव होतं. म्हणजे त्यांच्या संमतीपत्रावर सही नसेल तर फाईल पुढे सरकत नाही, आणि इथे तर त्यांनी लेखी विरोधच दिलेला.

काकांच्या गुडघ्यांना प्रवास झेपणार नव्हता. त्यांनी काकूंच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं, म्हणजे सह्या त्या करू शकणार होत्या. आम्ही दोघी चंदीगडहून कोकणातून जाणाऱ्या गाडीत बसलो. श्रावण चालू होता. प्रवासात काकूंनी मला भरती आणि ओहोटी शिकवली, डब्यातल्या चहाच्या कपात.

जागा बघितली तेव्हा माझी पहिली शिकवणी झाली. प्लॉट लांबट, रस्त्यापासून समुद्राकडे गेलेला. रस्त्याच्या बाजूला अण्णांचं जुनं घर. समुद्राच्या बाजूला भरतीच्या रेषेपासून ठरावीक अंतर मोकळं सोडावं लागतं, तिथे काही बांधता येत नाही. म्हणजे घर मधल्या पट्ट्यातच बसवायला हवं, पुढेही सरकत नाही, मागेही नाही. कोपरे म्हणावेत तर एकही धड नव्हता. उत्तरेच्या हद्दीवर मधोमध एक विहीर, आणि उत्तरेच्याच कडेने लाल मातीत घट्ट दाबलेला एक रुंद पट्टा, विहिरीला वळसा घालून थेट वाळूपर्यंत गेलेला. मोजणीच्या सरकारी नकाशात तो नव्हता. विहीर होती.

अण्णा पायरीवर बसले होते. काकूंनी वाकून नमस्कार केला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "दिल्लीसून इलात?"

"चंदीगडहून."

"एकच ता." मग त्यांनी काठीने त्या पट्ट्याकडे दाखवलं. "भिंत घालतल्यात, मगे होडी खयसून जातली?"

तेव्हा मला कळलं. मागच्या वाडीतल्या मच्छीमारांच्या होड्या पावसाळ्याआधी वर ओढून वाडीत नेऊन झाकून ठेवतात, आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा समुद्रावर नेतात. त्यांची जायची यायची वाट ही. परबांच्या जमिनीतून. वर्षातून दोनदा. परबांपैकी कोणीही आजवर अडवलेली नाही.

मी चंदीगडची. मी विचारलं, "याचा काही कागद आहे का? वहिवाटीची नोंद?"

अण्णांनी काकूंकडे बघितलं, जणू मी परक्या भाषेत बोलले आणि त्यांनी अर्थ सांगावा. "कागदार नाय, बाय. आमच्या आज्यान कागद केल्यान नाय, त्यांच्याही आज्यान मागल्यान नाय."

"मग हरकत टिकणार नाही," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं. कामातली सगळ्यात मोठी चूक ही, की बरोबर असलेली गोष्ट चुकीच्या माणसापुढे बोलायची. अण्णा उठले आणि आत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "मगे सही पण टिकाची नाय."

त्या रात्री, आम्ही उतरलो होतो त्या खोलीवर, काकू म्हणाल्या, "मला वाट माहीत होती."

"मग सांगितलं का नाहीत?"

"यांनी भिंत म्हटलं होतं. वाट आहे म्हटलं असतं तर हे खरडला गेले असते. मला वाटलं, आधी नकाशा होऊ दे, मग बघू." मग म्हणाल्या, "फौजेतल्या बायकांना सवय असते. बदलीची ऑर्डर यायच्या आधी सामान बांधायचं नाही आणि आल्यावर वाद घालायचा नाही. आता दोन्ही चुकलं."

दुसऱ्या दिवशी मी एकटी अण्णांकडे गेले आणि सरळ माफी मागितली. चहा आला, म्हणजे अर्धी मिळाली. मी म्हटलं, "अण्णा, वाट ठेवायची म्हटलं तर ती किती रुंद? मला नकाशात आकडा घालावा लागेल. विहिरीपाशी वळण आहे, तिथे किती जागा सोडायची?"

अण्णा म्हणाले, "तां माका सांगूक येवचा नाय. परवा पुनव आसा. होड्यो खाली जातल्यो. डोळ्यांनी बघा आणि मगे काय ती रेघ मारा."

सरकारी कामात मी अनेक प्रकारच्या मोजण्या बघितल्या आहेत. ही नवी होती. तिरोडकरांना जाऊन सांगितलं, तर ते अजिबात चकित झाले नाहीत. "बरोबर आहे. मी पण येतो," म्हणाले. "वहिवाट प्रत्यक्ष पाहिली, असा माझा स्थळपाहणी अहवाल फाईलला लागेल. अण्णा सही देतील, मला कागद मिळेल." बघा, मी म्हटलं नव्हतं का, प्रत्येकाला एक कागद हवा असतो?

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी आणि काकूंनी प्लॉटवर खुंट्या ठोकल्या आणि सुतळीने घर आखलं, खऱ्या मापाचं. पडवी, देवघर, दोन खोल्या, निखिलची एक खोली, आणि मागे उत्तरेच्या बाजूला स्वयंपाकघर. काकूंनी ते विहिरीजवळच मागितलं होतं. तळघर अर्थातच बुडालं होतं. पाऊस मध्येच येत होता, सुतळी भिजून सैल पडत होती, आणि काकू सुतळीतल्या दारातूनच आतबाहेर करत होत्या. मी एकदा सुतळी ओलांडून गेले तर म्हणाल्या, "भिंतीतून काय जाता? दार आहे ना."

दुसऱ्या दिवशी समुद्राला नारळ देऊन झाल्यावर होड्या निघाल्या. पहिली होडी लहान होती, सहज गेली. मी खूश होऊन खुंटी ठोकली आणि आकडा लिहिला. अण्णा पायरीवरून बघत होते. मग मोठी होडी आली. चौदा माणसं, खाली लाकडी ओंडके, एकजण पुढे ओरडून ताल देतोय. सरळ वाटेने ती दिमाखात आली. विहिरीपाशी नाक वळलं, आणि नाक इकडे वळलं की शेपूट तिकडे फिरतं, हे मला शाळेत भूमितीत शिकवलेलं होतं, पण इतकं जड कधी शिकवलं नव्हतं. होडीचा मागचा भाग माझी सुतळी तोडून, खुंटी उपटून, सरळ काकूंच्या स्वयंपाकघरात शिरला.

काकू तिथेच उभ्या होत्या, जिथे ओटा असणार होता. त्या दोन पावलं मागे झाल्या. होडी अडली. पुढचा माणूस ओरडला, मागच्यांनी पाय रोवले, ओल्या मातीत एकाचा पाय घसरला. काकूंनी पदर खोचला, दोन्ही हात होडीला लावले आणि ढकललं. मी आणि तिरोडकर आपापल्या वह्या धरून उभे राहिलो. आम्हा दोघांच्या शिक्षणाचा त्या क्षणी काही उपयोग नव्हता.

होडी वळली आणि वाळूकडे गेली.

काकू माझ्याकडे आल्या. हात चिखलाचे, श्वास लागलेला. "कुठपर्यंत आली होती?"

मी दाखवलं. स्वयंपाकघराचा उत्तर-पश्चिमेचा कोपरा, चांगला सहा फूट आत.

"कोपरा कापा," त्या म्हणाल्या.

"काकू, खोली तिरकी होईल. ओटा लहान होईल. खिडकी जाईल."

"होऊ दे. आणि उत्तरेला भिंत नको."

"काकांना विचारूया. फोन लावू?"

"माझ्याकडे मुखत्यारपत्र आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सतरा क्वार्टरांना भिंती होत्या, शुभाताई. एकही माझी नव्हती. इथे भिंत नसली तरी चालेल."

अण्णा काठी टेकत आले. कापलेल्या कोपऱ्यात उभे राहून त्यांनी मागे वळून विहिरीकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं. "खय करूची सही?" त्यांनी विचारलं.

मी कामात असं कधी वागले नव्हते. मालकाची स्पष्ट अट माहीत असताना मी तिच्या विरुद्ध नकाशा काढला. कायद्याने काकूंची सही चालत होती, एवढाच आधार. परतीच्या गाडीत मी म्हटलं, "काकांना सांगायला हवं."

"परवानगी येऊ दे. मग सांगते."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर खरडला जाऊ. तिरका ओटा तिथे नसतोच," काकू म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

चंदीगडला आल्यावर मी नवा नकाशा काढला. उतरतं कौलारू छप्पर, दार रस्त्याकडे, मागे कापलेला कोपरा. काटकोन नसलेली खोली काढायला माझा हात तयार होईना. सोढीसाहेब मागे उभे राहून बघत होते. "एह की है? केक कट्टेया?" म्हणजे, हे काय, केक कापलास? मी म्हटलं, यातून होडी जाते. त्यांनी मला स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. असं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा घडलं.

मग सुरू झाली ती चिकाटी. समुद्राजवळचं बांधकाम म्हणून फाईल जिल्ह्याला जाते आणि तिथून परत येते, या दोन क्रियापदांत जेवढं अंतर आहे तेवढ्यात दसरा येऊन गेला. मी दर सोमवारी आणि गुरुवारी फोन करत असे. तिरोडकर एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही फोन केला नाहीत तर आम्हाला आठवड्याचा वार कळणार नाही." एकदा फाईलमधून अण्णांच्या संमतीपत्राचं मागचं पान गायब होतं, अण्णांनी पुन्हा सही केली. एकदा मीच भरतीरेषेचं अंतर फुटात लिहिलं होतं, तिथे मीटर हवे होते. निखिल मला दोनदा भेटला. चांगला मुलगा. म्हणाला, "ताई, मी आईच्या विरोधात नाहीये. पण तिकडे बाबांना काही झालं, तर मी इथून पोचणार कधी?"

धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी काकूंचा फोन आला. खरडच्या बिल्डरच्या ऑफिसात सह्या आहेत, निखिल न्यायला आलाय. आवाज अगदी नेहमीसारखा होता, क्वार्टर सोडतानाचा. मी तिरोडकरांना फोन केला. ते म्हणाले, "सही झालीये. कॉम्प्युटरवर चढवतोय. नेट नाही." मी म्हटलं, मी फोन ठेवत नाही. मी खरोखरच ठेवला नाही. रिक्षात बसले तेव्हाही तो कानाशी होता, आणि मोहाली ओलांडेपर्यंत मला त्यांच्या ऑफिसातल्या पंख्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "गेलं बघा." खरडला एका झेरॉक्सच्या दुकानात उतरून मी ते छापून घेतलं, सोबत मंजूर नकाशाही.

बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या टेबलाभोवती तिघं बसली होती. समोर एक मुलगी कागद पसरून, कुठे कुठे सही करायची तिथे खुणा लावत होती. काकांच्या हातात पेन होतं. मी कागद काकूंच्या पुढे ठेवला.

काकूंनी तो उलटसुलट केला. "शिक्का कुठाय?"

"आता शिक्का नसतो. डिजिटल सही असते. ही बघा."

"मग खरा कशावरून?"

"काकू, खरा आहे. मी शपथेवर सांगते."

काकांनी कागद मागितला आणि चष्मा लावला. फौजेचा माणूस आदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, हे मला माहीत होतं, तरी मी देवाची प्रार्थना केली की यांनी वाचू नये. ते सहाव्या अटीवर थांबले. ती त्यांनी मोठ्याने वाचली. "उत्तरेकडील होड्यांची वहिवाट कायम खुली ठेवावी. सदर बाजूस कुंपण अथवा भिंत बांधू नये." मग नकाशा उघडला. कापलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे कोणी ठरवलं?"

"मी," काकू म्हणाल्या.

"मला विचारलं नाहीस."

"तुम्ही लेहला गेलात तेव्हा मला विचारलं होतं?"

"ती ऑर्डर होती."

"ही पण आहे. सहाव्या नंबरवर बघा."

निखिलने आईकडे बघितलं. त्या मुलीला मराठी येत नव्हती, पण तिने खुणा लावायचं थांबवलं. काका माझ्याकडे वळले. मला वाटलं आता माझी पेशी, म्हणजे झाडाझडती. त्यांनी विचारलं, "होडी किती लांब असते?"

"मोठी होती ती तीस फुटांच्या आसपास."

"वळवायला माणसं किती?"

"चौदा होती. अडली तेव्हा पंधरावी लागली." मी काकूंकडे बघितलं.

"तू होडी ढकललीस?" काकांनी विचारलं.

"ढकलली. स्वयंपाकघरात घुसली होती."

काकांनी पेनाचं टोपण लावलं, ते त्या मुलीपुढे सरळ ठेवलं, आणि म्हणाले, "बेटा, ये फ्लैट किसी और को दे दीजिए. हमारी वहाँ ड्यूटी लग गई है. साल में दो बार."

निखिल उठून बाहेर गेला. रागाने नव्हे, पण गेला. काकूंनी नकाशा उचलला आणि त्याच्या मागे गेल्या.

काका आणि मी बसून राहिलो. त्यांनी विचारलं, "दक्षिणेला तरी भिंत आहे ना?"

"आहे. पाच फूट."

"सहा करता येईल?"

मंजूर नकाशात बदल म्हणजे सुधारित अर्ज, पुन्हा जिल्हा, पुन्हा सोमवार आणि गुरुवार. "काका," मी म्हटलं, "पाचच राहू दे."

काचेबाहेर पार्किंगमध्ये काकूंनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला होता आणि त्या बोटाने काहीतरी दाखवत होत्या, बहुधा निखिलची खोली. तो आधी बघत नव्हता. मग त्याने कागद हातात घेतला, एकदा असा धरला, एकदा तसा फिरवला. वर कोणती बाजू आणि खाली कोणती, हे त्याला कळत नव्हतं. मी उठले आणि समुद्र कोणत्या बाजूला आहे ते त्याला सांगायला बाहेर गेले.